पानमळ्यातली मोटार

आमच्या आत्यानं मोटार घेतली ती बैल घेतात तशी घेतली. आधी तिच्याभोवती एक चक्कर मारली, पुढून पाहिली, मागून पाहिली, पाठीवरून म्हणजे दुमडलेल्या कापडी टपावरून हात फिरवला आणि कारभाऱ्याला विचारलं, "मारकी तर न्हाई न्हं?" कारभारी गंगाखेडजवळच्या एका जहागीरदारांच्या देवडीतले, म्हणजे वाड्यातले, जुने गृहस्थ होते. त्यांनी डोक्यावरची टोपी जरा मागं सारली आणि अगदी गंभीरपणे सांगितलं, "नै बाई, बिचारी चलतीच नै, मारेगी क्या." आत्यानं मान डोलावली. न चालणारा बैल ती बाजारातून कधीच उचलत नसे, पण ही मोटार मात्र तिला पसंत पडल्याचं मला तिच्या पदर खोचण्यावरून कळलं.

देवडीच्या तबेल्यात ती उभी होती. जहागीरदारांच्या धाकट्या साहेबजाद्यांनी हैदराबादहून हौसेनं आणलेली, हिरव्या रंगाची, जमिनीलगत बसलेली, पुढं लांबलचक नाक असलेली आणि जेमतेम दोन माणसांची. साहेबजादे तिला उधळत न्यायचे तेव्हा वाटेवरची गुरं शेतात शिरायची. मग साहेबजाद्यांना शिकारीचा नाद लागला आणि मोटारीत कोंबड्या अंडी घालू लागल्या. अशी मोटार कुणी घेईना. ज्यांच्याकडं पैसा होता त्यांना घरच्या बायकांना पडद्यात बसवून न्यायचं असे, आणि हिला पडदा लावायला धड छप्पर नव्हतं. ज्यांना पडद्याची गरज नव्हती त्यांच्याकडं पैसा नव्हता. म्हणूनच ती बऱ्यापैकी बैलजोडीच्या भावात सुटत होती. सौदाही रुमालाखालीच झाला. जनावरांच्या बाजारात दलाल आणि गिऱ्हाईक उपरण्याखाली हात घालून बोटं दाबतात आणि भाव ठरवतात, भोवतालच्यांना पत्ता लागत नाही. आत्यानं परक्या पुरुषाच्या हाताशी हात लावणं शक्य नव्हतं, म्हणून रुमालाखाली माझा हात होता आणि आत्या समोर उभी राहून मला डोळ्यांनी सांगत होती. कारभाऱ्यांचा हात थंड आणि मऊ होता. प्रत्येक वेळी बोट दाबताना ते हळहळून सुस्कारा सोडत. सौदा ठरल्यावर आत्या म्हणाली, "दावं द्या." जनावर विकणाऱ्यानं दावं घेणाऱ्याच्या हातात द्यायचं असतं, त्याशिवाय मालकी फिरत नाही. कारभाऱ्यांनी क्षणभर विचार केला, तबेल्यातला एक दोर आणवला, तो मोटारीच्या चाकाला, म्हणजे हातात धरायच्या चाकाला, बांधला आणि दुसरं टोक आत्याच्या हाती दिलं.

हा सगळा खटाटोप पानांसाठी होता. आमच्या आत्याचा, म्हणजे माझ्या वडिलांच्या बहिणीचा, गंगाखेडहून सोनपेठच्या अंगाला असलेल्या एका गावात पानमळा होता. यजमान गेल्यावर तो तीच बघत होती. मूलबाळ नव्हतं. मी उर्दूतल्या परीक्षेत नापास होऊन, वडिलांच्या नजरेसमोर नको म्हणून तिच्याकडं येऊन राहिलो होतो. तेव्हा मी अठरा वर्षांचा होतो आणि कुठल्याही वस्तूचं पोट उघडून बघायची मला भारी खोड होती. आत्याच्या घरातलं घड्याळ मी आलो त्याच आठवड्यात बंद पडलं होतं. पानमळा ज्यांनी पाहिला नाही त्यांना काय सांगावं. बाहेर रानात ऊन नुसतं भाजून काढत असायचं आणि शेवरीच्या झाडांवर चढलेल्या वेलींमध्ये शिरलं की अंगावर ओला गारवा यायचा, तिखटसर वास यायचा, पायाखालची माती थंड लागायची. थंड लागायची हे मी ठामपणे सांगू शकतो, कारण मळ्यात पायताण चालत नसे. माणूस कितीही मोठा असो, जोडा कुडाच्या कुंपणाबाहेर. ही शिस्त आत्याच्या सासऱ्यांच्या आधीपासूनची होती आणि ती मोडली तर वेल खंगतो अशी सगळ्यांची पक्की समजूत होती.

अडचण अशी झाली की गंगाखेडचा जो तांबोळी वर्षानुवर्षं आमची पानं घेत असे तो म्हातारा होऊन लेकाकडं निघून गेला. आता पान परभणीच्या आडत्याकडं पाठवायला हवं होतं. गंगाखेडहून सकाळची आगगाडी गाठायची तर बैलगाडी आदल्या संध्याकाळीच निघायला हवी, आणि त्यासाठी पान दुपारच्या उन्हात खुडायला हवं. पावसाळ्यात, हिवाळ्यात ते चालून जाई. उन्हाळ्यात परभणीला पोचेपर्यंत पान कडेनं काळं पडे आणि आडत्या करंडी उघडून नुसता बघत राही. आत्याचा धाकटा दीर महालिंगप्पा, ज्याला सगळे अप्पा म्हणत, त्यानं शिमग्याच्या आधी येऊन ओसरीवर बसून सांगितलं, "वैनी, पान लय नाजूक धंदा हाय. काळं पान कोण घिणार? पाडव्याला सालगडी ठरवायचे हायती. तवर बगा. न्हाई जमलं तर वेल काढू आन कापूस लावू. तुमाला काय कमी पडू देणार न्हाई मी." अप्पा वाईट माणूस नव्हता. त्याच्या डोक्यात हिशेब होता आणि जमीन दोघा भावांच्या नावावर होती. आत्यानं फक्त "बरं" म्हटलं आणि त्याच्यापुढं ताकाचा तांब्या ठेवला. तो गेल्यावर ती मला म्हणाली, "मन्मथ, वेल उपटला की पुन्यांदा तसा मळा उभा राहायला माजं आयुष्य पुरायचं न्हाई." मग तिनं विचारलं की देवडीतली ती हिरवी मोटार अजून तिथंच आहे का. घोडं का नको, असं मी विचारलं तर म्हणाली, "घोडं बसून बी खातंय. मोटार चालली तरच खाती."

बैलांनी ओढत आम्ही ती गावात आणली. मी आत बसून चाक धरलं होतं आणि पुढं आमचीच जोडी चालली होती. वाटेत प्रत्येक वस्तीवर माणसं उभी राहून बघायची. एका म्हातारबाबानं विचारलं, "बैलच वडायलेत तर मोटार कशाला घेतली?" मी चाक आणखी घट्ट धरलं. घरी आल्यावर आत्यानं पहिलं काम केलं ते आतली चामड्याची बैठक उचकटून काढण्याचं. "मळ्यात जोडा न्हाई जात, कातडं न्हाई जात. मोटार मळ्याचा माल नेणार, म्हंजी मोटार मळ्यातच हाय." बैठकीच्या जागी वाकळ घडी करून घातली, शेजारच्या जागेत पानांच्या करंड्या बसतील अशी सोय केली, आणि मी मोटार अनवाणी चालवायची असं ठरलं. एप्रिलच्या उन्हात लोखंडी पेडलवर अनवाणी पाय ठेवून पाहिल्याशिवाय या निर्णयाची थोरवी कुणाला कळणार नाही.

दुरुस्तीला इस्माईल मिस्त्री आला. तो गंगाखेडला एका जिनिंगमध्ये तेलाच्या इंजिनावर होता, हसरा, बडबड्या आणि कशालाही नाही न म्हणणारा. मोटार त्यानं आयुष्यात उघडली नव्हती. "अरे भई, इंजन इंजन एकीच बात है. वो खड़ा रहके घूमता, ये घूमते घूमते भागता," असं म्हणून त्यानं बाह्या सारल्या. गुरांच्या गोठ्यात एका बाजूला दोन म्हशी आणि दुसऱ्या बाजूला मोटार, असा आमचा कारखाना. काढलेला प्रत्येक पुर्जा आम्ही जुन्या धोतरावर मांडायचो. तो काय काम करतो यावर इस्माईलचं एक मत असे आणि माझं दुसरं, आणि बऱ्याचदा दोन्ही चुकत. पेट्रोलच्या टाकीत खडे घालून ती खुळखुळवून आतला गंज काढला. वाळलेल्या रबरी नळ्या बदलल्या. मॅग्नेटोतून ठिणगी पडते का हे बघायला इस्माईलनं मला तार धरायला लावली, आणि मी कोलमडून म्हशीच्या गव्हाणीत पडलो तेव्हा समाधानानं म्हणाला, "बराबर है." पाणी थंड करायची जाळी ठिबकत होती. तिला डाग देणारा तांबट सोनपेठच्या बाजारच्या दिवसाशिवाय मिळेना, तेव्हा आत्यानं न विचारता मूठभर हळद आणून त्या पाण्यात टाकली. हळद आतल्या आत छिद्रांत जाऊन बसली आणि ठिबक थांबली. पुढं ट्रकवाल्यांनाही मी हेच करताना पाहिलं आहे. त्यांना ते कुणी शिकवलं हे मला ठाऊक नाही, पण आत्यानं कुणाकडून शिकून केलं नव्हतं. तिच्याकडं कुठल्याही गळतीला पहिला उपाय हळदच असे.

दुपारी काम थांबे. इस्माईल कडुनिंबाखाली जेवायला बसे. त्याची ताटली वेगळी होती आणि ती गोठ्याच्या खुंटीला असे. हे त्या काळी कुणाला खटकत नसे, त्यालाही नाही, निदान तो तसं दाखवत नसे. पण आत्या त्याला वाढताना हात आखडत नसे हेही खरं. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, येसराची, म्हणजे भाजक्या मसाल्याच्या पिठाची, आमटी, वर कच्च्या तेलाची धार. आमटीला तो "बाई का सालन" म्हणे आणि भाकरी कुस्करून वाटीभर जास्तीची घेई. मी त्याला आमच्यातल्या जेवणाची नावं सांगायचो, तो मला हत्यारांची नावं सांगायचा. अजूनही पान्याला पाना म्हणायच्या आधी माझ्या तोंडात त्याचाच शब्द येतो.

शिमगा होऊन गेल्यावर एका सकाळी हँडल मारता मारता इंजिन अचानक सुरू झालं. तो आवाज मला आजही ऐकू येतो. आधी दोन मोठे ठसके, मग धुराचा लोट आणि मग एक जाड, खालच्या पट्टीतली गुरगुर. म्हशींनी दावी तोडली. आत्या पीठ लागलेल्या हातांनी चुलीपासून धावत आली आणि मोटारीच्या लांब नाकावर तळहात ठेवून उभी राहिली. "आतून थरथरायलीय," ती म्हणाली. कितीतरी वेळ ती तशीच उभी होती, तापेपर्यंत. पण इंजिन चाललं तरी मोटार जागची हलेना. पेडल सोडलं की आतून खरखर व्हायची आणि चाकं तिथंच. इस्माईलनं पायाखालच्या फळ्या काढल्या आणि आम्ही दोघं आत डोकावलो. इंजिनाची ताकद चाकांकडं पोचवणारा एक लोखंडी कोन होता, तळाचा भाग कापलेल्या टोपीसारखा. तो इंजिनाच्या जड चाकाच्या पोटात जाऊन घट्ट बसला की मोटार पळणार. त्याच्या अंगावर पट्टी होती ती वाळून, तडकून, सुटून आली होती. इस्माईलनं नखानं एक तुकडा काढला, हुंगला आणि म्हणाला, "चमड़ा."

आत्या मागंच उभी होती. "काय हाय म्हनला?"

इस्माईल माझ्याकडं बघू लागला. मग मीच सांगितलं.

"काढा त्ये," आत्या म्हणाली.

"बाई, चमड़ा नै तो क्लच नै," इस्माईल म्हणाला. आत्यानं त्याच्याशी वाद घातला नाही. तिनं एवढंच विचारलं, की तुमच्या जिनिंगमध्ये एवढी मोठाली चाकं फिरतात ती कशानं. कापडी पट्ट्यानं फिरतात, असं इस्माईलला सांगावंच लागलं, आणि सांगता सांगता त्याचाही उत्साह वाढला. तेल पाजलेला जाड कापडी पट्टा. त्यावर अख्खी जिनिंग चालते, मग ही टमटम काय चीज. दुसऱ्या दिवशी तो पट्ट्याचा एक जुना तुकडा घेऊन आला. आम्ही तो बेतून कोनावर ठोकून बसवला. गोठ्यातून अंगणात आणि अंगणातून वेशीपर्यंत मोटार ऐटीत गेली. पोरं मागं पळाली. आत्यानं कानशिलावर बोटं मोडली. आम्हाला तिघांनाही वाटलं की झालं. मला आज हसू येतं. मोटारीच्या पोटात देवाचं सोवळं सांभाळायचा असा प्रयत्न साऱ्या मुलखात फक्त आम्हीच केला असेल, आणि त्यात एक मुसलमान मिस्त्रीसुद्धा मनापासून सामील होता.

पहिल्या खेपेला तांबडं फुटताना पानं खुडली. केळीच्या सोपटात गुंडाळून, वर ओलं फडकं टाकून करंड्या भरल्या. त्यांच्या कडेला इस्माईल अंग चोरून बसला. सपाट रस्त्यावर मोटार अशी पळाली की मी पहिल्यांदा साहेबजाद्यांच्या वेडाला मनातल्या मनात माफ केलं. पुढं एक ओढा लागतो. उन्हाळ्यात कोरडा असतो, पण पलीकडची चढण चांगली उभी आहे. चढणीच्या मध्यावर इंजिन जोरात ओरडू लागलं आणि मोटार हळू होत होत थांबली. पायाखालून जळक्या कापडाचा वास आला, मग धूर. मी उडी मारून बाहेर आलो. इस्माईलनं फळी उचलली तर पट्टा चुलीतल्या चिंधीसारखा धुमसत होता. सावलीला झाड नाही. बैल येईपर्यंत ऊन वर चढलं, मी फडक्यावर पाणी शिंपडत राहिलो, ते जागच्या जागी वाळत राहिलं. परतताना अप्पा वेशीत उभा होता. त्यानं करंडीतलं एक पान उचललं, उजेडात धरलं, परत ठेवलं. मग करंड्या उतरवायला हात लावला, आणि त्याचंच मला जास्त लागलं. नंतर कळलं की त्यानं पाडव्याच्या दुसऱ्या दिवसासाठी वेली काढायला माणसं सांगून टाकली होती.

इस्माईलनं मला गोठ्यात बाजूला घेतलं. "सुन मियाँ, चमड़ा लगा देतूँ. फली के नीचे रहता. बाई को क्या मालूम?" त्याचा हेतू चांगला होता. पण आत्याशी खोटं बोलायची माझी छाती नव्हती, आणि पान हुंगून ते कुठल्या वाफ्यातलं हे सांगणाऱ्या बाईला चामड्याचा वास आला नसता असं मला वाटत नव्हतं. मी नाही म्हटलं. दोन-तीन दिवस मोटार तशीच पडून राहिली. आत्या भाकरी थापताना मध्येच थांबायची, तव्यावरची करपायची. संध्याकाळी मळ्यात वेलींमधून एकटीच फिरायची.

पाडवा अगदी तोंडावर आला तेव्हा एका सकाळी मोट बंद पडली. विहिरीतून पाणी काढायची चामड्याची मोट. तिचं तोंड लोखंडी कड्याचं आणि खाली निमुळती होत गेलेली लांब सोंड. आमच्या मळ्याचं सगळं पाणी तीच काढत असे. सोंड फाटली होती. गावातल्या मोटा शिवणारा गणबा थारोळ्यापाशी, म्हणजे मोट रिकामी होते त्या दगडी कुंडापाशी, बसून नवी सोंड जोडत होता आणि तिला एरंडेल चोळून मऊ करत होता. गणबाला मळ्यात पाऊल टाकायची मुभा नव्हती. वेलींना मिळणारं पाणी त्याच्याच हातच्या शिवणीतून येत होतं, तरी तो कायम कुडाच्या अलीकडं. त्या वेळी मला हे कधी दिसलं नाही. आज मात्र ती जागा आठवली की आधी तेच दिसतं. आत्या विहिरीच्या कट्ट्यावर बसून त्याचे हात बघत होती. मग तिनं खाली पडलेली फाटकी सोंड उचलली, तिचं धड राहिलेलं तोंड दोन्ही हातांनी गोल धरलं आणि मला म्हणाली, "मन्मथ, ती लोखंडी टोपी आण."

मी कोन आणून दिला. आत्यानं सोंडेचं तोंड त्यावर चढवलं. सोंड निमुळती, कोनही निमुळता. दोन बोटं दाबून ओढली तशी ती त्यावर जाऊन बसली. गणबा हसला. मी आत्याकडं बघत होतो, कारण तिनं चामडं हातात घेतलं होतं, सगळ्यांसमोर.

"आत्या, पण हे कातडंच हाय," मी म्हणालो.

"कातडंच हाय. पण मळ्याबाहेरचं न्हाई. ह्याच्यातलंच पाणी पिऊन वेल वाढलाय. सासऱ्यांच्या टायमापून ह्या कातड्यातूनच मळ्यात रोज पाणी जायलंय, मला इतक्या दिसात दिसलं कसं न्हाई?" मग गणबाला म्हणाली, "बेतून दे बाबा. टोपीला बसंल आसं."

गणबानं तुकडा बेतला, पाण्यात भिजवून ताणला. इस्माईलनं तांब्याच्या खिळ्यांनी तो कोनावर जखडला आणि त्यांची डोकी चामड्यात खोल ठोकली. मग गणबानं त्याला एरंडेल पाजलं, मोटेला पाजतात तितकं. इस्माईल कुरकुरला की हे जास्त होतंय, पण गणबा म्हणाला, कोरडं कातडं मरतं. दोघांचंही बरोबर होतं हे आम्हाला पाडव्याच्या सकाळी कळलं.

त्या सकाळी आत्या स्वतः मोटारीत बसली. शेजारच्या जागेत करंड्या, त्यावर ओलं फडकं आणि त्याच्यावर पाय आखडून, मांडी घालून आत्या, डोक्यावरचा पदर दातांत धरलेला. गुढ्या नुकत्या उभ्या राहत होत्या. मोटार अलगद निघाली, इतकी अलगद की मी पेडल सोडलंय हे मलाच कळलं नाही. वारा लागला तशी आत्या डोळे मिटून बसली आणि थोड्या वेळानं उघडून सगळीकडं बघू लागली. "झाडं मागं पळायलीत बग," ती म्हणाली. ओढ्याच्या चढणीला मात्र इंजिन पुन्हा ओरडू लागलं. मी आधी खाली वाकून हुंगलं. धूर नव्हता, जळका वास नव्हता, फक्त एरंडेलाचा वास होता. कातडं तेलानं निसरडं झालं होतं. मी मोटार थांबवून चाकाखाली दगड लावले, फळी उचलली. इस्माईलनं मला सांगून ठेवलं होतं की असं झालं तर वस्त्रगाळ कोरडी माती टाकायची, तेल टिपून घेते. पण ओढ्यात होती ती खरखरीत वाळू. ती टाकली असती तर कातडं फाटून गेलं असतं.

"काय पायजे तुला?" आत्यानं विचारलं.

"बारीक, कोरडी पूड. पिठासारखी."

आत्या शिवपूजा करून निघाली होती. कपाळावर भस्माचे तीन आडवे पट्टे ताजे होते. तिनं कमरेच्या पिशवीतून विभूतीची वडी काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. मी तिच्याकडं बघतच राहिलो. "बगतूस काय? देवाची हाय, पण राखच हाय ती. फोड." मी वडी बोटांनी चुरली, हळूहळू कोनाच्या कडेनं टाकली आणि इंजिन सुरू करून दोनदा पेडल दाबून सोडलं. तिसऱ्या वेळी मोटारीनं एक हिसका दिला आणि चढण चढली. आत्याच्या पदराचं टोक तोंडातून सुटलं आणि ती मोठ्यानं हसली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते वाऱ्यानं आलं असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं, पण ते वाऱ्यानं आलेलं नव्हतं.

रात्रीच बैलगाडीनं निघालेला अप्पा स्टेशनावर आधीच येऊन उभा होता. त्यानं करंडी उघडली. पानं हिरवी, ओली, देठासकट ताठ. त्यानं स्वतःच परभणीचं तिकीट काढलं आणि करंड्यांजवळ बसून गेला. आम्ही परत आलो. त्या दिवशी घरात पुरणपोळी होती, पण आत्यानं पोळीचा एक तुकडा मोडला तो शेवटपर्यंत ताटातच राहिला. दिवस कलताना अप्पा बैलगाडीनं आला. करंड्या रिकाम्या होत्या. तो ओसरीवर बसला, पाणी प्यायला, तोंड पुसलं.

"आडत्या म्हनला रोज पाठवा. उन्हाळाभर," तो म्हणाला. तांब्या खाली ठेवला. "वैनी, उद्या माणसं येणार हायती. वेल काढायला सांगून ठेवलेली. त्यास्नी आता काय सांगू?"

"येऊ द्या," आत्या म्हणाली. "उतरण राह्यलीय."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. पानवेल दर वर्षी शेवरीवरून सोडवून खाली घेतात, जुनं अंग बुडाशी वेटोळं करून मातीत पुरतात आणि शेंडा तेवढा वर ठेवतात. तो नव्यानं चढतो. त्या वर्षी आत्यानं उतरण केलीच नव्हती. उपटायच्याच वेली पुरायच्या कशाला, म्हणून. दरवर्षी पहिली वेल तिचे यजमान उतरवत असत.

सकाळी माणसं विळे घेऊन आली. आत्यानं त्यांना विळे कुडाला टांगायला लावले. अप्पा त्यांच्याबरोबर मळ्यात आला, पहिल्या शेवरीपाशी उभा राहिला आणि वेलीकडं बघत, जरा अवघडून म्हणाला, "वैनी, दादा कुठून सुरवात करायचे?"

यजमान गेले तेव्हाही आत्या लोकांसमोर रडली नव्हती असं घरात सांगत. त्या सकाळी ती पाटाच्या कडेला खाली बसली आणि सगळ्यांसमोर रडली. कुणी तिला थांबवलं नाही. रडून झाल्यावर तिनं पदरानं नाक पुसलं आणि सांगितलं, "त्या खालच्या गाठीपून. आन हळू सोडा अप्पा, शेंडा मोडू नका." अप्पा गुडघ्यावर बसला आणि त्यानं पहिली गाठ सोडली.